डावा हात खिशात

९ मार्च

चिमटे,

आठवण आली म्हणून लिहीत नाहीये. काम आहे. काम नसताना एकमेकींना पत्रं लिहिणाऱ्यांतल्या आपण दोघी नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

तू जाताना ते मोटारीच्या रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह कुठे ठेवलेस? ते बारा व्होल्टवर चालणारे. भंगारातल्या गाड्यांचे रेडिओ उघडून उघडून जमवले होतेस, आणि कुणी हात लावला तर अंगावर धावून यायचीस. मी कपाट बघितलं, खिडकीखालची पेटी बघितली, बाबांच्या खुर्चीमागेही बघितलं. नाहीत. तिकडे घेऊन गेली असशील तर तसं सांग, म्हणजे मी शोधणं थांबवीन.

कारण सांगून टाकते, नाहीतर भलतेच तर्क लढवत बसशील. आपल्या गल्लीच्या टोकाला व्हायोलिन शिकवणाऱ्या एक बाई राहायला आल्यात. त्यांना सरावासाठी छोटा अ‍ॅम्प्लिफायर हवाय, आणि तोही व्हॉल्व्हचाच. ट्रान्झिस्टरचा आवाज त्यांना इस्त्री केल्यासारखा वाटतो म्हणे. पण तीनशे व्होल्टची भानगड घरात नको, बॅटरीवर चालायला हवा. आता व्हॉल्व्ह बॅटरीवर चालवायचं खूळ माझ्या ओळखीत एकाच माणसाच्या डोक्यात होतं, म्हणून हे पत्र.

बाकी सगळं ठीक. दुकान ठीक, मी ठीक. समोरचा रस्ता पाइपासाठी खणलाय आणि दिवसभर ड्रिल चालतं, डोकं उठतं. एका जागी बसवत नाही. हे लिहितानासुद्धा खिडकी लावायला उठले, मग गुदमरायला झालं म्हणून उघडायला उठले. अक्षर वाकडं दिसलं तर त्याचा अर्थ लावत बसू नकोस. कागद सरकतो. शेवटी फाटक्या स्पीकरचं लोहचुंबक त्यावर ठेवलंय, तेव्हा कुठे जरा गप्प बसलाय.

फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर तू "बोल" म्हणतेस, मी "काही नाही" म्हणते, आणि मग दोघी एकमेकींच्या घरातलं घड्याळ ऐकत बसतो.

उत्तर थोडक्यात दिलंस तरी चालेल.

ताई


२९ मार्च

चिमटे,

थोडक्यात म्हटलं होतं मी, पण इतकं? "माळ्यावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. तेव्हा तर हसली होतीस." संपलं पत्र. वर मायना नाही, खाली सही नाही. समुद्र ओलांडून एवढंच आलं म्हणून पोस्टमनचीच मला कीव आली.

हो, हसले होते. तू तो बारा व्होल्टचा संच टेबलावर मांडलास आणि मी म्हटलं, "ह्याच्यानं डास तरी उठेल का?" बाबाही हसले होते, ते मात्र तू सोयीनं विसरतेस. आपल्या घरात कुणी कुणाची चेष्टा केली नाही असा दिवस दाखव मला. तुझं नाव चिमटी का पडलं? हातात कायम चिमटा असायचा म्हणून, आणि तो तू माझ्या दंडावर चालवायचीस म्हणूनही. मी कधी देश सोडून गेले का?

पण बाबा गेल्यावर तू जे बोललीस ती चेष्टा नव्हती. "मोठे सेट दुरुस्तीला घेणं बंद कर, ताई. नाहीतर एक दिवस ह्याच चासीच्या पत्र्याला चिकटून मरशील, आणि तेव्हा मी यायची नाही." बॅग उचललीस आणि गेलीस. त्यानंतर खरोखरच आली नाहीस. शब्दाची पक्की आहेस, एवढं म्हणावं लागेल.

जाऊ दे. भांडायला कागद घेतलेला नाही.

डबा मिळाला. शिडीवरून उतरताना हातातून सटकला आणि एक व्हॉल्व्ह फुटला. ओरडू नकोस, उकाडा आहे, तळव्यांना घाम येतो. उरलेले शाबूत आहेत. त्यातला एक घेऊन मी जुळणी केली. एका बॅटरीवरच सगळं: आतली तारही त्यावरच तापते आणि वरच्या प्लेटलाही तेच बारा व्होल्ट. पुढे बाबांचे ते जाड हेडफोन लावलेत, बाकरवडीच्या डब्याएवढे, नको, तुला त्या उपमेनं भूक लागेल. नुसते जाड म्हणते.

आवाज येतो. पण कसा? सर्दी झालेला माणूस शेजारच्या खोलीतून बोलावा तसा. जरा जोर केला की फाटतो. रेझिस्टन्स सगळे आपल्या नेहमीच्या हिशेबानं लावलेत, कथलाचे डाग स्वच्छ आहेत (म्हणजे मला हवे तितके नाहीत, पण आहेत). एवढ्याशा जुळणीत माझा आख्खा आठवडा गेला आणि हाती काय, तर पडसं. तुझ्या व्हॉल्व्हमध्येच दम नाही असं म्हणणार होते, पण म्हणत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, हे तू लगेच लिहून पाठवशील.

काय चुकतंय, सांगशील का?

ताई


१७ एप्रिल

चिमटे,

या वेळी पूर्ण पान आलं. मायनासुद्धा होता! "उंटावरून शेळ्या हाकते म्हणशील, पण हाकते." हाक बाई. शेळी तयार आहे.

तू लिहितेस ते पटलं, आणि पटलं म्हणून राग आला. तीनशे व्होल्टच्या घरात वाढलेली माणसं आपण. तिथे कॅथोडखाली रेझिस्टन्स घालून थोडे व्होल्ट सांडले तरी कुणाला कळत नाही. पण बारा व्होल्ट म्हणजे मोजून मिळालेलं पाणी. त्यातलं मी आधीच खाली सांडत होते आणि वर व्हॉल्व्हला म्हणत होते, गा. तू म्हणतेस तो कॅथोडखालचा रेझिस्टन्स काढून टाकीन, ते टोक सरळ जमिनीला जोडीन, आणि आवाज जिथून आत शिरतो त्या ग्रिडवर तू सांगितलास तसा खूप मोठा रेझिस्टन्स लावीन. दहा मेगचा आपल्याकडे नाही. शोधते.

इथवर तू छान लिहिलं होतंस. मग खाली ते काय?

"ताई, एवढ्या जुळणीला तुला एक दुपार पुरते. आठवडा का लागला? डाग वाईट का आलेत? बारा व्होल्टवर तू काम कसं करते आहेस ते खरं सांग. डावा हात कुठे आहे?"

कुठे असणार! खिशात आहे. बाबांनी जिथे ठेवायला सांगितला तिथे.

विसरलीस का? चालू सेटमध्ये हात घालायचा तर एकच घालायचा, दुसरा खिशात. "विजेला एका हातातून दुसऱ्या हातात जायचं झालं तर वाटेत काळीज लागतं," असं बाबा म्हणायचे. आपल्या फ्रॉकांना खिसे नव्हते म्हणून आईनं प्रत्येक फ्रॉकला डावीकडे एक खिसा शिवला होता, कापड मिळेल त्या रंगाचा. शाळेच्या गणवेशालाही. बाईंनी आईला बोलावून विचारलं, हे काय, तर तू ताठ उभी राहून म्हणालीस, "आमच्याकडे मरायची परवानगी नाही." आई शाळेतून घरी येईपर्यंत हसत होती. बाबांचा तो करडा कोट आता मी घालते, त्याचा डावा खिसा माझ्या हातानं पार ढगळा झालाय. गिऱ्हाइकं एकमेकांना दाखवतात, "बघा, बाईंची शिस्त बघा. एक हात कधी खिशातून बाहेर येत नाही."

तेव्हा हात खिशात आहे, आणि मी ठीक आहे. दहा मेगचा मिळाला की कळवते.

ताई


१८ एप्रिल

चिमटे,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी आल्यावर चप्पल काढावीशी वाटेना. इकडून तिकडे फिरत राहिले. तू ते वाचशील आणि पहिल्याच वाचनात हसशील, कडू हसशील. कारण बारा व्होल्टला खिसा लागत नाही. बारा व्होल्टची बॅटरी लहान मूल खेळायला घेईल. तिच्यापुढे डावा हात खिशात घालून बसणारी बाई एकतर मूर्ख असली पाहिजे, नाहीतर तिचा हात तिथे दुसऱ्या कारणानं असला पाहिजे. आणि मला तू आजवर काय काय म्हणालीस, पण मूर्ख कधी म्हणाली नाहीस.

ताकाला जाऊन भांडं लपवणं पुरे झालं. ऐक.

डावा हात गेला आहे. आहे जागेवर, पण गेला आहे. मनगटाच्या खाली काही कळत नाही. गरम नाही, गार नाही, टोचलेलं नाही. बोटं वळतात, पण काय धरलंय ते बघितल्याशिवाय समजत नाही, आणि नजर हलली की धरलेलं सुटतं. मानेत नस दबलीय. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकेल, गेलेलं परत येण्याची आशा धरू नका. मी गेल्या हिवाळ्यातच जायला हवं होतं, दुखणं अंगावर काढलं. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? मी सांगितलं. ते म्हणाले, "मग ते सोडा."

सोडणार नव्हते मी. खिसा होताच. एवढी वर्षं तो हात तिथे राहिलेला, कुणाला फरक कळणार नव्हता, आणि कळला नाही. पण एकदा सिनेमा थिएटरचा मोठा अ‍ॅम्प्लिफायर आला होता. चासी कुशीवर ठेवून, सेट चालू करून, उजव्या हातानं मोजमाप घेत होते. नाकाला वास आला. मला वाटलं ट्रान्सफॉर्मर जळतोय. वाकून वाकून शोधलं. मग दिसलं. माझा डावा हात खिशातून बाहेर येऊन चासीवर पडला होता आणि दोन बोटं तापलेल्या व्हॉल्व्हच्या काचेला टेकली होती. कधी बाहेर आला, मला माहीत नाही. मी ओरडले नाही, कारण दुखतच नव्हतं. जळत होतं ते माझंच, आणि मी शेजाऱ्याच्या घराकडे बघावं तशी त्याकडे बघत होते. त्या बोटांपासून साडेतीनशे व्होल्टची पट्टी एवढ्याशा अंतरावर होती. उजव्या हातात माझ्या चासीला जोडलेली तार. मधे काळीज.

मी घाबरले, चिमटे. बाबा गेले तेव्हाही अशी घाबरले नव्हते. बटण बंद केलं आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले, आणि पहिला विचार काय आला सांगू? तू यायची नाहीस, हा.

त्यानंतर एकही मोठा सेट उघडलेला नाही. सगळे कापडाखाली रांगेनं उभे आहेत. गिऱ्हाइकांना सांगते सुटा भाग मिळत नाही. लोक समजूतदार आहेत, तेच जास्त वाईट. दुकान उघडते, टेबल पुसते, बंद करते. मला दुसरं काही येत नाही ग. ह्या टेबलाशी बसता येणार नसेल तर मी सकाळी उठून करू काय?

व्हायोलिनच्या बाई खऱ्या आहेत. बॅटरीची अट मात्र त्यांची नव्हती. त्यांनी साधा अ‍ॅम्प्लिफायर मागितला होता. मीच म्हटलं, बारा व्होल्टवर करून देते, नाहीतर नाही. तुझा तो डास उठवणारा संच जमला तर माझं टेबल राहतं. नाही जमला तर नुसते दिवस मोजत बसायचं.

आता काय म्हणायचं ते म्हण. "मी सांगितलं होतं" एवढं मात्र लिहू नकोस. ते मी रोज आरशात ऐकते.

ताई


६ मे

चिमटे,

परवा फोन वाजला तेव्हा मला कळलं होतं तूच असणार. वाजू दिला. मग धावत जाऊन उचलला. तू "ताई" म्हणालीस. मी म्हटलं, "पत्रात लिही." तू नाक ओढलंस आणि फोन ठेवलास. एवढं सगळं सांगून झाल्यावर पहिल्यांदा बोललो आणि बोलून बोलून काय बोललो, तर हे.

त्यानंतर पोस्टमनचा आवाज आला की दाराशी, नाही आला की खिडकीशी. दोन वेळा तर त्याला रस्त्यात गाठलं. तो आता मला बघून लांबूनच मान हलवतो. रस्ता बुजवलाय, ड्रिल थांबलंय. आता शांततेनं डोकं उठतं. टेबलाचे खण रिकामे केले, भरले, पुन्हा रिकामे केले. शेजारीण म्हणते तुम्ही जरा देवदर्शनाला नाहीतर डॉक्टरांकडे जाऊन या. दोन्हींचा उपाय सारखाच असावा असं तिच्या तोंडावरून वाटलं.

हात दाखवून अवलक्षण झालं, असंच वाटायला लागलंय. सांगितलं नसतं तर निदान तू रेझिस्टन्सबद्दल तरी लिहिलं असतंस.

ताई


२४ मे

चिमटे,

पाकीट आलं. हलवून बघितलं तर खुळखुळलं. आत कापसात गुंडाळलेले दहा मेगचे रेझिस्टन्स, आणि चिठ्ठी: "दोन्ही हातांनी लाव."

मी ती चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि तुझ्यावर एवढी चिडले की काही विचारू नकोस. म्हटलं, हिला काय जातंय? हात माझा. दुकान बंद केलं, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले, पुन्हा उघडलं. चिठ्ठी तिथेच होती. तुझं अक्षर लहानपणापासून हुकूम सोडल्यासारखंच आहे.

मग कोट काढला. कोट अंगावर असला की हात आपोआप खिशात जातो, म्हणून. उन्हाळ्यात नुसत्या झब्ब्यावर टेबलाशी बसले तर मला उघडं पडल्यासारखं वाटलं. डावा हात उचलून, हो, उजव्यानं उचलून, चासीच्या कडेवर ठेवला. रेझिस्टन्सची तार त्याच्या बोटांत दिली आणि बोटांकडे डोळे लावून डाग दिला. तो हात चांगला पकडीसारखा आहे, चिमटे. थरथरत नाही, कंटाळत नाही, गरम लागलं म्हणून सोडत नाही. फक्त त्याच्यावर नजर ठेवावी लागते. डाग असा बसला की बाबांनी चष्मा वर करून बघितला असता.

कॅथोडखालचा रेझिस्टन्स काढला, टोक जमिनीला जोडलं. बॅटरी लावली. व्हॉल्व्हच्या आत ती बारीक तार लालसर झाली. हेडफोन घातले. आधी काहीच नाही, नुसती कोरी शांतता, आणि मी डोळे मिटून वाट बघत राहिले. आणि एकदम कानात आलं, घूं.

मी चरकले. कुठली तार सुटली म्हणून डोळे उघडले. तार एकही सुटली नव्हती. मी डोळे मिटले तसा माझा डावा हात कडेवरून घसरला होता, आणि त्याचं एक बोट ग्रिडच्या तारेवर जाऊन टेकलं होतं.

तुला माहीतच आहे, ग्रिडला बोट लागलं की घुमतं. घरभरच्या तारांतली वीज अंगात उतरलेली असते आणि व्हॉल्व्ह ती मोठी करून ऐकवतो. चालू सेटची तपासणी आपण लहानपणी अशीच करायचो, तू तर उगाचच करायचीस. पण मी हात उचलला, घूं थांबलं. टेकवला, घूं आलं. हळूच टेकवला तर बारीक, दाबून टेकवला तर मोठं. उजव्या हातानं नाही, डाव्यानंच. हाताला काही कळत नव्हतं, पण तो कुठे आहे, किती जोरात टेकलाय, सगळं मला ऐकू येत होतं. किती महिन्यांनी मला माझ्या हाताची काही खबर लागली. मी तिथेच बसून लहान मुलीसारखं ते बोट टेकवत राहिले आणि रडत राहिले. बाबांचे हेडफोन आतून ओले झाले.

तीनशे व्होल्टवर असं घसरलं असतं तर ही खबर मला मिळाली नसती, तुला मिळाली असती. बारा व्होल्ट नुसते गुणगुणले.

व्हायोलिनच्या बाई काल आल्या. हेडफोन लावून वाजवलं, थांबल्या, मी कुठे बघतेय ते बघितलं आणि विचारलं, "तुमचा हात...?" मी म्हटलं, "गेला आहे. पण काम करतो." पहिल्यांदाच कुणाला तरी तोंडानं सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि पुन्हा वाजवायला लागल्या. आवाज कसा आहे? लहान आहे. डास उठेल. पण इस्त्री केलेला नाही. त्यांच्या दोन मैत्रिणींनाही असाच हवा आहे.

कापडाखालचे मोठे सेट मी ज्याचे त्याला परत करायला घेतलेत. प्रत्येकाला खरं कारण सांगते. थिएटरवाला म्हणाला, "अरेरे, आणि आम्हाला वाटायचं शिस्त."

म्हणजे तुझं ऐकलं. मोठे सेट बंद केले. टेबल राहिलं. आता तुझ्याकडे बघते मी. "चासीला चिकटून मरशील तेव्हा यायची नाही," असं म्हणाली होतीस. शब्दाची पक्की आहेस, मान्य. पण मी मेले नाही, चिकटले नाही. मग यायला काय हरकत आहे?

ताई

ता. क. बाबांच्या कोटाचा डावा खिसा उसवून टाकायचा आहे. करून बघितलं. एका हातानं कापड ताणून धरावं लागतं, दुसऱ्यानं टाका कापावा लागतो, आणि आईचा टाका तुला माहीत आहे. तुझा चिमटा घेऊन ये.